मधली दोन मिनिटं

मयुरी: मामाजी, यात उतार कुठे आहे?

मारोतराव: कायचा उतार?

मयुरी: हे बघा ना, फोनमध्ये. तुमच्या मनगटावरच्या पट्ट्यानं पाठवलेलं. सकाळी सहा दहाला हृदयाचे ठोके अठ्ठ्याण्णव. सहा बाराला एकशे एक्कावन्न. आणि मग सहा बावीसपर्यंत तिथंच. मी काय सांगितलं होतं? एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू. पुन्हा एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू. असं सहा वेळा. म्हणजे इथं सहा चढ दिसायला पाहिजेत आणि सहा उतार. हा तर एकच चढ आहे आणि वर नुसतं पठार.

मारोतराव: मंग चांगलंच झालं. एका दमात चाल्लो म्हनजे.

जनाबाई: आल्या आल्या त्याईले चहा तं पिऊ दे वं मयुरी. सून हायेस का मास्तरीन? दारातच वही तपासाले बसली.

मयुरी: आई, एक मिनिट. माझीच चूक आहे, मी तीन आठवडे हे उघडूनच बघितलं नाही. थिसिस छापायच्या गडबडीत होते. आज सहज बघितलं तर रोज असंच. पंधरा दिवस झाले, रोज बारा मिनिटं सलग जोरात. मधलं हळू चालणं गेलं कुठे?

मारोतराव: ते काढून टाकलं.

मयुरी: काढून टाकलं?

मारोतराव: हो ना. तूच पाय. जोरात चालाचं काम होतं सहा मिनिटांचं. मधात बारा मिनिटं नुसती टंगळमंगळ. म्या सहा मिनिटांचं काम सहा मिनिटांत उरकलं. मंग म्हटलं, वेळ उरूनच राहिला हाये तं सहाचे बारा करू.

जनाबाई: उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग.

मारोतराव: तू चूप वं. मयुरी, तुले मागाचं काम मालूम नाई. चौतीस वर्स हातमागावर लुगडे विनले म्या. जेवढं विनलं तेवढं आपलं. हात थांबला का काम थांबलं. आता तू म्हनतं, एक मिनिट चाला अन् दोन मिनिटं डुलत डुलत फिरा. भर मैदानात लोकाईसमोर! ते वसंतराव मांगून येऊन म्हनतीन, काय मारोतराव, दम संपला काय?

मयुरी: संपू द्या ना थोडा. त्याचसाठी तर ती दोन मिनिटं आहेत.

मारोतराव: अन् तुये कॉलेजातले उंदरं? ते तं त्या फिरत्या पट्ट्यावर पयतच राहते म्हने. आमचा पोरगा प्रज्वल दाखवत होता मोबाइलमधे.

मयुरी: ते नाही पळत सारखे. मी पट्ट्याचा वेग कमी करते, मग ते हळू चालतात, मग परत वाढवते. उंदराच्या मनावर असतं तर त्यानंही तुमच्यासारखं उरकून टाकलं असतं.

जनाबाई: उंदीर शहाना हाये मंग. आयकते तरी.

मयुरी: मामाजी, पुन्हा एकदा सांगते. साखर चौदा वर्षांपासून आहे तुम्हाला. रक्तात इतकी वर्षं साखर राहिली की हृदयाच्या मांसाला आतून सूज धरते. ती वरून दिसत नाही, बऱ्याचदा दुखतही नाही. आम्ही उंदरांना साखरेचा आजार दिला, अर्ध्यांना बसवून ठेवलं, अर्ध्यांना जोरात-हळू, जोरात-हळू पळवलं. बसलेल्यांच्या हृदयात सूज जास्त होती, पळणाऱ्यांच्यात कमी. पण त्यात ते हळूसुद्धा औषधच आहे. तेवढ्यात हृदय सावरतं, पुढच्या जोरासाठी तयार होतं.

जनाबाई: म्हनजे वरनाची डाळ. उकळी आली का आच कमी करा लागते, नाई तं सारं चुलीवर.

मयुरी: हो आई, तसंच काहीसं.

मारोतराव: बरं बाप्पा. उद्यापासून डुलतो. आता चहा दे वं.

जनाबाई: चहा देते. पन आधी हिले तेही सांगा.

मारोतराव: काय ते?

जनाबाई: तेच, जे बाजूच्या पुष्पलतानं मले सांगतलं.

मारोतराव: तिले काही धंदा नाई दुसरा.

मयुरी: काय सांगितलं पुष्पलताकाकूंनी?

जनाबाई: परवा सकायी ते मैदानातल्या नळाजोळ कट्ट्यावर बसले होते म्हने. एक हात छातीवर. सदरा घामानं भिजून अंगाले चिकटलेला. तिनं इचारलं, भाऊजी, बरं नाई काय? तं म्हने, ऊन लागलं.

मारोतराव: लागलंच होतं ऊन.

जनाबाई: सकायी सहा वाजता कोनतं ऊन जी? सूर्यच तं उठला नव्हता तुमच्या आधी!

मयुरी: मामाजी, इथं बसा. नाही, स्टूलवर नाही, खुर्चीवर बसा. पाठ टेका. हात द्या इकडे.

मारोतराव: अवं चहा तं—

मयुरी: चहा नंतर. बोलू नका, मोजू द्या.

(मयुरी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्यांची नाडी मोजते.)

मारोतराव: पास का नापास?

मयुरी: आता ठीक आहे. आत्ता, या क्षणी छातीत काही होतंय?

मारोतराव: नाई. आता बिलकुल नाई.

मयुरी: कधीपासून होतंय? खरं सांगा. मला नाही तर आईंना बघून सांगा.

मारोतराव: मांगच्या सोमवारपासून. जोरात चाल्लो का इथं, मधात, कोनी पोतं आनून ठेवल्यावानी वाटते. डावा खांदा भरून येते. थांबलो का दोन-तीन मिनिटांत जाते. जिना चढलो तं दम लागते. बस, इतकंच. दुखत गिखत काही नाई.

जनाबाई: आठ दिवस! आठ दिवस झाले अन् बाजूले झोपलेल्या मानसाले पत्ता नाई!

मारोतराव: तुले सांगतलं असतं तं तू साऱ्या तांडापेठेले सांगतलं असतं.

जनाबाई: सांगतलंच असतं. नवरा हाये माया, का कोनाची भाड्यानं आनलेली सायकल?

मयुरी: मामाजी, मला काहून नाही सांगितलं?

मारोतराव: तुले कसं सांगू?

मयुरी: म्हणजे?

मारोतराव: जाऊ दे ना.

मयुरी: नाही जाऊ देणार. बोला.

मारोतराव: तुयी परीक्षा हाये ना पुढच्या आठवड्यात. ते मोठे मोठे सर येतीन, तुले समोर बसवून प्रश्न इचारतीन. चार वर्स तू त्या उंदराईमांगं आपला जीव आटवला. दिवाळीच्या दिवशी बी डबा घेऊन कॉलेजात गेली, म्हने उंदराईले सुट्टी नसते. मी पाह्यलं ना सारं. अन् तू पुस्तकात लिवलं का, असं चाललं तं साखरवाल्याचं दिल दुरुस्त राहते. आता हिच्याच घरचा बुढा असं चालून चालून खाली बसला, तं ते सर काय म्हनतीन? म्हनतीन, पोरीचं सारं खोटं हाये.

मयुरी: त्यांना कसं कळणार होतं तुमचं?

मारोतराव: काहून? पुस्तकात माये आकडे हाये ना.

मयुरी: कोणाचे आकडे?

मारोतराव: माये! या पट्ट्याचे. रोज तुया फोनात जाते ते. तूच तं बांधला होता म्हनत, मामाजी, हा काढू नका, मले सारं दिसलं पाह्यजे. मी आंघोयीले बी काढत नाई. म्या वसंतरावले बी सांगून ठेवलं, सुनेच्या पुस्तकात माया हिशोब हाये म्हनून. त्याच्यानंच तं बारा मिनिटं केले. म्हटलं, आपला आकडा हलका नाई पाह्यजे. तुया पुस्तकात माया आकडा जोरदार आला पाह्यजे.

जनाबाई: अहो!

मयुरी: मामाजी... तुम्ही नाही आहात थिसिसमध्ये.

मारोतराव: नाई?

मयुरी: नाही. त्यात फक्त उंदीर आहेत. अठ्ठेचाळीस उंदीर.

मारोतराव: एक बी मानूस नाई?

मयुरी: एकही नाही.

मारोतराव: मंग हा पट्टा काहून बांधला मले?

मयुरी: काळजी वाटते म्हणून.

जनाबाई: घ्या. आता पुसा डोये दोघं बी. मी एकटीच राहिली कोरडी.

मारोतराव: कोन रडून राहिलं? घाम हाये तो.

मयुरी: मामाजी, चूक तुमची नाही. खरंच नाही. मी सांगते चूक कोणाची. त्या उंदरांना पळवायच्या आधी मला एकवीस पानांचा अर्ज भरावा लागला. समितीसमोर उभं राहावं लागलं. त्यांना काही त्रास होणार नाही ना, दमले तर लगेच थांबवाल ना, सगळं लिहून दिलं. पहिला आठवडाभर तर नुसतं सवय व्हावी म्हणून हळू चालवलं. प्रत्येकाचं रोज वजन केलं, प्रत्येकाला तपासलं. आणि तुम्हाला? तुम्हाला मी संध्याकाळी भाजी निवडता निवडता सांगितलं, उद्यापासून असं चाला. चौसष्ट वर्षांचं वय, चौदा वर्षांची साखर, आणि एक साधा ईसीजी काढला नाही मी. एका उंदराइतकीसुद्धा तुमची चौकशी केली नाही.

मारोतराव: ए, असं नको बोलू. तू सांगतलं तं चांगल्यासाठीच ना.

मयुरी: चांगल्यासाठी सांगणं पुरत नाही ना पण. मी डॉक्टर नाही, मामाजी. मी उंदरांवर प्रयोग करते. माणसाला हे सांगायच्या आधी डॉक्टरांना विचारायला पाहिजे होतं. चला, कपडे बदला.

मारोतराव: कुठी?

मयुरी: भैरवीकडे. माझ्या शाळेतली मैत्रीण, ती हृदयाची डॉक्टर आहे. तुमच्या नाडीवरून हात काढला तेव्हाच मेसेज केलाय तिला. लगेच घेऊन ये म्हणाली.

मारोतराव: आता नाई.

मयुरी: आत्ताच.

मारोतराव: तुयी परीक्षा होऊ दे. मंग जाऊ. आठ दिवसांत काय होते? मी चालनं बंद करतो. जिना बी नाई चढत. इथंच बसतो, पोथीसारखा, कपड्यात गुंडाळून ठेव मले.

मयुरी: मामाजी, माझ्या पप्पांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?

मारोतराव: म्हनजे ते... सरकारी हापिसात होते. तू बारावीत असताना गेले. दिलाचा दौरा.

मयुरी: त्या सकाळी ते म्हणाले, मयुरी, इकडे ये, मला जरा पित्त झाल्यासारखं वाटतंय. माझी मोठी बहीण नूपुर घाईत होती. मी लिंबू-सोडा करून दिला. ते प्यायले, ढेकर दिला, म्हणाले, बघ, गेलं. दुखत नव्हतं त्यांना कुठेच. साखरेनं नसा बधिर होतात, मामाजी, दुखायचं ते दुखतच नाही कधीकधी. त्यांना साखर होती हे माहीत होतं आम्हाला, बाकी काही माहीत नव्हतं. मी क्लासला गेले, ते स्कूटरवर ऑफिसला गेले. दुपारी बारा वाजता क्लासच्या दाराशी काका उभे होते.

जनाबाई: अगं माय.

मयुरी: मी लिंबू-सोडा करून दिला होता आई. इतकी खूश होते मी, की माझ्या हातानं पप्पांना आराम पडला.

मारोतराव: हे तू कधी सांगतलं नाई वं.

मयुरी: प्रज्वलला सांगितलंय. बाकी कोणाला नाही. चार वर्षं उंदरांना सांगून राहिले.

जनाबाई: अन् तरी हे म्हनतीन, आठ दिवसांनी जाऊ.

मारोतराव: जना, तुले समजत नाई. एकदा त्या खाटेवर झोपवलं का मानसाले बिमार म्हनूनच उठवते. माया थोरल्या भावाचं पाह्यलं ना? दवाखान्यात गेला तवा चांगला चालत गेला. आला तं धरून आनला. मंग, हे उचलू नका, ते करू नका, तुमी बसा. मी नाई बसू शकत. साऱ्या गल्लीत मायासारखा हात कोनाचा होता? सांग हिले. दोन दिवसांत नऊवारी उतरवत होतो मी. कोनाच्या बापाची हिंमत नव्हती मले थांब म्हनाची. थांबलो कवा? तं हिच्या कांड्या संपल्या तवा.

मयुरी: कांड्या म्हणजे?

मारोतराव: आडव्या धाग्याची कांडी राहते ना, धोट्यात बसवाची. इकडून तिकडे फेकाची. ते भराचं काम हिच्याकडे. चरख्यावर बसून भरे ही. पन काय भरे? बाकीच्याच्या बायका कशा गच्च भरत, हिची कांडी नेहमी अर्धी. लागले हात, रंग आला, का संपली. मंग थांबा, ती काढा, दुसरी बसवा. किती बोलत होतो मी हिले!

जनाबाई: बोलत होते. तुमची आई बी बोलत होती. सून कामचोर आनली म्हने.

मारोतराव: मंग खोटं काय होतं त्याच्यात?

जनाबाई: मी मुद्दाम अर्ध्या भरत होती.

मारोतराव: काय?

जनाबाई: मुद्दाम. माया हाताले काही झालं नव्हतं. मायेरी मी भावाले गच्चच भरून देत होती.

मारोतराव: काहून पन?

जनाबाई: तुमी थांबत नव्हते म्हनून. लगन झालं त्याच सालची गोष्ट, उन्हाळ्याचे दिवस. तुमी मागावर बसले तं उठाचं नावच नाई. ओठ काये पडलेले, गळ्याची शीर अशी उडून राहिली. म्या म्हटलं, पानी प्या. तुमी म्हटलं, हात सोडून पानी पेत नसते विनकर. दुसऱ्या वेळी म्हटलं तं धोटा आपटला. मंग मी चूप झाली. पन कांडी संपल्यावर तं तुमाले थांबाच लागे ना. कांडी बदला, मान वर करा. तेवढ्यात मी पानी समोर करे. तुमी मले शिव्या देता देता पेत.

मारोतराव: हे किती वर्स?

जनाबाई: माग इकला तोवर.

मारोतराव: अट्ठावीस वर्स?

जनाबाई: असतीन. म्या कुठी मोजले.

मारोतराव: अन् बोलली नाई एकदा बी? मी चारचौघांत बोललो तुले. तुया भावासमोर बोललो.

जनाबाई: सांगतलं असतं तं तुमी दुसऱ्याकडून भरून आनल्या असत्या. मले कामचोर म्हटलेलं परवडलं. तुमाले काही झालेलं परवडलं नसतं.

मयुरी: आई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करत होता? थोडं जोरात, मग थांबा. थोडं जोरात, मग थांबा. माझ्या सरांनी याला एवढं लांबलचक नाव दिलंय.

जनाबाई: नाव गेलं चुलीत. तुया सराले सांग, आता माया हातात चरखा नाई, कांडी नाई. आता मी त्याईले कायनं थांबवू? तूच ने त्याईले दवाखान्यात.

मारोतराव: जना.

जनाबाई: काय?

मारोतराव: माया तो पांढरा सदरा कुठी हाये?

जनाबाई: वाळून राहिला. निळा घाला. देते काढून.

मयुरी: थांबा, सदरा मी आणते, तुम्ही उठू नका. आणि सकाळची साखरेची गोळी घेतली का?

मारोतराव: घेतली, चालाच्या आधीच.

मयुरी: आणि खाल्लं काहीच नाही! आई, अर्धी भाकर द्या त्यांना, उपाशीपोटी साखर उतरेल. मी प्रज्वलला फोन लावते, रात्रपाळी आहे, वाडीच्या गोदामातून सुटलाच असेल. तो परस्पर तिकडेच येईल.

मारोतराव: त्याले घाबरवू नको. म्हन, बाबाले जरा दाखवाले आनलं.

मयुरी: खरं तेच सांगते. आता या घरात कोणी कोणापासून लपवायचं नाही. आणि हो, मामाजी, ते जोरात चालायचं अजून कोणाकोणाला शिकवलंय तुम्ही?

मारोतराव: कोनाले नाई.

मयुरी: मामाजी.

मारोतराव: वसंतराव. अन् ते सुमंत मास्तर. अन् त्याचा साडू, सावनेरचा, तो दोन दिवस आला होता.

मयुरी: सगळ्यांना साखर?

मारोतराव: सुमंत मास्तरले बीपी बी हाये.

मयुरी: बारा मिनिटं सलग?

मारोतराव: वसंतरावले दहाच जमते.

मयुरी: अरे देवा! आई—

जनाबाई: समजलं. मी आताच जाते दोघाईच्या घरी. म्हनते, आमच्या बुवाचं चुकलं होतं, डॉक्टरले इचारल्याशिवाय कोनी पाय उचलाचा नाई. अन् सावनेरले मास्तरची बायको फोन करीन.

मारोतराव: तू मायासंग नाई येत?

जनाबाई: येते ना! वसंतरावचं घर वाटेवरच हाये. ऑटोतून ओरडते. मास्तरले फोनवर. तुमाले एकटं सोडून मी कुठी जाईन?

मारोतराव: तसं नाई. मले वाटलं, रागावली असशीन.

जनाबाई: रागावली तं हायेच. दवाखान्यातून आल्यावर पाहीन तुमाले. घ्या, भाकर खा. बारीक बारीक घास घ्या, पयून नाई चालली ती.

मारोतराव: मयुरी, ते डॉक्टर भैरवी दुसरं काही सांगन तं? म्हनजे चीरफाड गिरफाड?

मयुरी: माहीत नाही मला. खोटं नाही बोलणार. ती आधी ईसीजी काढेल, सोनोग्राफीसारखं यंत्र छातीवर फिरवून हृदय बघेल, रक्त घेईल. कदाचित एखादी नस अरुंद झाली असेल. कदाचित गोळ्यांवर भागेल. काय असेल ते आज कळेल, उद्यावर नाही राहणार.

मारोतराव: अन् चालनं?

मयुरी: ती हो म्हणेल तेव्हा. आणि तेव्हा मी येईन सोबत.

मारोतराव: तू येशीन? तुले तं सकायी उठनं म्हनजे फाशी.

मयुरी: उठेन. मी बाजूला चालेन. मी हळू झाले की तुम्ही हळू व्हायचं.

मारोतराव: लोक म्हनतीन, सून सासऱ्याले शाळेत सोडाले चालली.

जनाबाई: म्हनू द्या. सुनेच्या हातानं आपला जीव वाचत असन तं लोक काही बी म्हनो. चाला, चप्पल घाला. खांद्यावर हात ठेवा माया.

मारोतराव: तुया खांद्यावर? तूच पडशीन.

जनाबाई: ठेवा म्हटलं ना! लोक पाह्यतीन तं पाह्यतीन.

मयुरी: दाराला कुलूप लावलं. फाईल घेतली, जुने रिपोर्ट घेतले, पाण्याची बाटली घेतली. ऑटो आला, पण गल्लीत आत येत नाही म्हणतो. चौकात उभा आहे, दोन मिनिटांच्या वर थांबणार नाही म्हणे. मी पळत जाऊन थांबवते त्याला, तुम्ही दोघं सावकाश या.

मारोतराव: मयुरी, पयू नको.

मयुरी: मामाजी, निघून जाईल तो!

मारोतराव: गेला तं दुसरा येईन. चौक कुठी पयून नाई चालला. अशी घाबरू नको वं पोरी, हळू चाल. मी आहो ना अजून.